सगळं पढूनही डोळा लागत नाही: नेमकं कुठे अडतंय?

इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज झालेली असते. वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) असतो. आयतुल कुर्सी आणि चार कुल (कुरआनातली वचनं), तस्बीह (अल्लाहची स्तुती मोजून म्हणणं), सगळं पढून होतं, दिवा मालवला जातो आणि अर्ध्या तासाने आपण अंधारात टक्क जागे असतो. डोक्यात उद्याचं काम, न फिटलेलं देणं, दुपारी कुणीतरी बोललेलं एखादं वाक्य. मग उठून बसायचं आणि आणखी काही पढायला घ्यायचं. तेही संपतं. आता तर छातीत धडधड सुरू झालेली असते, कारण झोपेच्या काळजीत एक नवी काळजी मिसळते: कुरआन पढूनही मला चैन पडत नाही, म्हणजे माझ्या ईमानातच काही खोट आहे का?

एखाद्या रात्री असं झालं तर सोडून द्यावं. पण दोन-तीन आठवडे बरे जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होतं, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी स्वतः जवळपास दीड वर्ष या फेऱ्यात होते. नेमकं कुठे अडतं ते शोधायला मला फार वेळ लागला, तुम्हाला तेवढा लागू नये.

आधी छातीवरचा दगड उतरवा

काळजी वाटते म्हणजे ईमान कमी, हे मनातून काढून टाका. हे काढल्याशिवाय पुढचं काहीच लागू पडत नाही. हजरत याकूब (अ.) नबी होते, आणि मुलाच्या विरहदुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले (सूरह यूसुफ, आयत 84). दोनच आयती पुढे ते म्हणतात की मी माझं दुःख आणि माझी व्यथा फक्त अल्लाहपुढे मांडतो. हजरत मूसांच्या (अ.) आईला तर अल्लाहने आधीच कळवलं होतं: भिऊ नकोस, दुःख करू नकोस, बाळ तुझ्याकडे परत येईल. तरी बाळ पाण्यात सोडल्यावर तिचं काळीज रितं झालं, आणि अल्लाहने तिचं मन बांधून धरलं नसतं तर ती सगळं बोलून गेली असती (सूरह कसस, आयत 10). वचन मिळालेलं असूनही आईचं काळीज हललं, आणि त्याबद्दल तिला बोल लावलेला नाही. तिचं मन बांधून धरलं, एवढंच सांगितलं आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) जी दुआ वरचेवर मागत असत असं हजरत अनस (र.) सांगतात, तिची सुरुवातच अशी आहे: अल्लाहुम्म इन्नी अऊजु बिक मिनल हम्मि वल हजन. हम्म म्हणजे पुढे काय होईल याची चिंता, हजन म्हणजे होऊन गेलेल्याचं दुःख, असा फरक उलेमा सांगतात. रात्री अंथरुणात पडल्यावर डोक्यात जे काही फिरतं ते या दोनच खणांत मावतं, हवं तर तपासून पाहा. याच दुआत पुढे कर्जाच्या ओझ्यापासूनही आश्रय मागितला आहे. चिंता आणि कर्ज एकाच दुआत येतात, याचा मला फार आधार वाटतो. प्रेषितांनी जे स्वतःसाठी मागितलं ते आपल्याला मागावं लागलं तर लाज कसली?

सगळ्यात मोठी गडबड: जिक्र (अल्लाहचं स्मरण) गोळीसारखा घेणं

माझी चूक ही होती. मी आयतुल कुर्सी पढायचे आणि वाट बघायचे. आली का झोप? नाही. मग सूरह मुल्क. आता आली का? प्रत्येक सूरहनंतर मी स्वतःची नाडी तपासत असल्यासारखी पडून असायचे. झोपेचं असं आहे की तिच्यावर पाळत ठेवली की ती लांब जाते. झोप आणण्याची धडपड मेंदूला जागं ठेवते, हे निद्रानाशाचे उपचार करणारेही सांगतात. म्हणजे मी जिक्र करत होते खरी, पण माझं लक्ष अल्लाहकडे नव्हतं, घड्याळाकडे होतं.

'अल्लाहच्या स्मरणानेच अंतःकरणांना शांती लाभते' ही सूरह रअदची आयत (13:28) आपल्याला सगळ्यांना पाठ असते. पण अमुक मिनिटांत झोप लागण्याची हमी म्हणून ती वाचली की घोटाळा होतो. आयत अंतःकरणाबद्दल बोलते. शरीराला झोपेपर्यंत यायला त्याचा वेळ लागतो.

मला यातून बाहेर काढलं ते प्रेषितांचे सोबती हजरत बरा बिन आजिब (र.) यांच्या हदीसने (हदीस म्हणजे प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद). प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितलं की झोपायला जाताना नमाजसाठी करतोस तसा वजू कर, उजव्या कुशीवर हो आणि ही दुआ पढ: अल्लाहुम्म अस्लम्तु वज्ही इलैक, व फव्वज्तु अम्री इलैक, व अल्जअतु जहरी इलैक, रग्बतन् व रह्बतन् इलैक, ला मल्जअ वला मन्जअ मिन्क इल्ला इलैक. अल्लाहुम्म आमन्तु बिकिताबिकल्लजी अन्जल्त, व बिनबिय्यिकल्लजी अर्सल्त.

तिचा अर्थ सावकाश घ्या. हे अल्लाह, मी माझा चेहरा तुझ्या स्वाधीन केला. माझं काम तुझ्या हवाली केलं. माझी पाठ तुझ्या आधाराला टेकवली, तुझ्याच ओढीने आणि तुझ्याच भयाने. तुझ्यापासून सुटून जायला तुझ्याशिवाय जागा नाही. तू उतरवलेल्या ग्रंथावर आणि तू पाठवलेल्या नबीवर मी ईमान ठेवलं.

'जहर' म्हणजे पाठ. आपण दमून आल्यावर म्हणतो ना, 'जरा पाठ टेकते', तेच हे. मी ही दुआ कित्येक वर्षं पढत होते, पण एका रात्री तो शब्द पाठीला जाणवला. गादीला लागलेले खांदे, कंबर, आणि इतका वेळ मी त्या गादीवरही ताठ पडले होते हे तेव्हा कळलं. त्या रात्रीपासून मी हे वाक्य पाठीचा भार खरोखर सोडत पढते. दुआत झोप मागितलेलीच नाही, हेही लक्षात घ्या. रात्र सोपवून दिली आहे, त्यात झोप येईल की जाग राहील तेही आलं. आणि प्रेषितांनी सांगितलं की हे शब्द तुझं शेवटचं बोलणं असू दे. म्हणजे यानंतर आणखी काही पढायला घ्यायचं नाही. माझ्या रात्री जर कशाने बदलल्या असतील तर या एका सूचनेने.

खूप पढलं जातंय का?

चिंता असली की माणूस वजीफे, म्हणजे ठराविक आकड्याने पढायची वचनं, गोळा करतो. कुणी एक सांगतं, कुणी दुसरं पाठवतं, अमुक इतक्या वेळा, तमुक इतक्या रात्री, एक रात्र चुकली तर पहिल्यापासून. माझ्याकडे एक वेळ अशी आली की झोपण्यापूर्वीची यादी पाऊण तासाची झाली होती आणि आकडा चुकला की मी परत सुरुवात करायचे. ही इबादत राहिली नव्हती, हिशोब झाला होता.

प्रेषितांच्या (स.) मशिदीत दोन खांबांना बांधलेली एक दोरी होती. हजरत जैनब (र.) नमाजमध्ये थकल्या की तिला धरत. प्रेषितांनी ती सोडायला सांगितली: उत्साह असेपर्यंत नमाज पढा, थकलात की बसा. दुसऱ्या हदीसमध्ये आहे की नमाजमध्ये पेंग येत असेल तर आधी झोपून घ्या, नाहीतर क्षमा मागायला जाल आणि स्वतःलाच शाप देऊन बसाल. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) रात्रभर नमाज पढत, तेव्हा त्यांना सांगितलं की तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचा तुझ्यावर हक्क आहे. डोळ्यांचा हक्क, हा शब्द मी मनात जपून ठेवला आहे.

मग किती पढायचं? माझं मत सांगते: जे सहीह (विश्वसनीय ठरलेल्या) हदीसमध्ये झोपेच्या वेळेसाठीच आलं आहे त्यातलं थोडं, आणि रोज तेच. आयतुल कुर्सी, जी पढल्यावर सकाळपर्यंत अल्लाहतर्फे राखण असते. सूरह बकराच्या शेवटच्या दोन आयती, ज्या रात्री पढणाऱ्याला पुरेशा होतात. इख्लास, फलक आणि नास पढून तळव्यांत फुंकर घालायची आणि डोक्यापासून सुरू करून हात पोहोचेल तिथवर अंगावरून फिरवायचे, असं तीनदा. हे सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत होतं. हे सगळं पढायचा शीण वाटत असेल त्या रात्री एखादं सोडा. काही बिघडत नाही.

यात एक वेगळी अडचण असते, तिला तिच्या नावाने ओळखायला हवं: वसवसा. वजू झाला की नाही म्हणून तीनदा उठणं, शब्द नीट उच्चारला गेला नाही म्हणून परत पढणं, आणि परत पढल्यावरही समाधान न होणं. वसवसा आला की अल्लाहचा आश्रय मागा आणि तिथेच थांबा, अशी प्रेषितांची शिकवण आहे. थांबणं हा त्यातला अर्धा भाग आहे, तो आपण विसरतो. मुस्लिम विद्वानांनी हा प्रकार फार पूर्वी ओळखला होता. अबू जैद अल-बल्खी (निधन 934) यांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्याचा एकत्र विचार केला, आणि मनाच्या दुखण्यांत राग, भीती, दुःख आणि वसवसा हे वेगवेगळे मांडले. वसवसा दिवसातले तास खात असेल तर त्यावर आज उपचार आहेत. ते घ्या, ईमानाची कमतरता समजून गप्प बसू नका.

तस्बीह भरभर होते आहे का?

33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. ही तस्बीह कुठून आली ते आठवा. जातं ओढून हजरत फातिमांच्या (र.) हाताला घट्टे पडले होते. त्या वडिलांकडे, म्हणजे प्रेषितांकडे, कामाला माणूस मागायला गेल्या. रात्री प्रेषित (स.) त्यांच्या घरी आले, तेव्हा फातिमा आणि त्यांचे पती हजरत अली ही दोघं अंथरुणात होती. उठू लागली तर म्हणाले, राहू द्या, आणि दोघांच्या मधे बसले. हजरत अली (र.) सांगतात, त्यांच्या पावलांचा गारवा मला जाणवला. मग त्यांनी ही तस्बीह शिकवली आणि म्हणाले की नोकरापेक्षा हे तुमच्यासाठी बरं. हजरत अलींनी पुढे ती कधी सोडली नाही, सिफ्फीनच्या लढाईच्या रात्रीसुद्धा.

म्हणजे ही दमलेल्या शरीरासाठी आलेली गोष्ट आहे. आपण मात्र मणी खटाखट सरकवून दोन मिनिटांत मोकळे होतो. असं करून पाहा: श्वास नाकाने आत घ्या, आणि सावकाश सोडताना एकदा सुब्हानल्लाह म्हणा. एका श्वासाला एकच. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात, हा शरीराचा साधा नियम आहे. शंभर श्वासांना साधारण दहा मिनिटं लागतात. बोटांच्या पेरांवर मोजा. आकडा चुकला तर जिथे आठवतं तिथून पुढे जा, मागे येऊ नका. शंभर पुरे होण्याआधी डोळा लागला तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

फोन

यावर फार लिहायला नको. तस्बीह मोजायचं अ‍ॅप, दुआ वाचायला उघडलेला फोन, उशाशी लावलेली तिलावत, हे सगळं नेक कामासाठीच असतं, पण पडद्याचा उजेड मेंदूला दिवस आहे असंच सांगतो, आणि दुआ वाचता वाचता बोट मेसेजवर जातं. इशानंतरच्या गप्पा प्रेषितांना (स.) आवडत नसत. आज त्या गप्पा फोनमध्ये असतात. दुआ कागदावर लिहून घ्या. तिलावत ऐकायची असेल तर बसून, लक्ष देऊन ऐका आणि बंद करा. कुरआन पढला जात असताना लक्षपूर्वक ऐका आणि शांत राहा असा हुकूम आहे (7:204), त्यामुळे रात्रभर तो पार्श्वसंगीतासारखा चालू ठेवणं मला पटत नाही.

काळजी खरी असेल तर

कधी कधी मन उगाच घाबरत नसतं. हप्ता खरंच थकलेला असतो, रिपोर्ट खरंच यायचा असतो. अशा वेळी फक्त दुआ पढून पडून राहिलात तर डोकं ती गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आणणारच. उंट बांध आणि मग तवक्कुल (अल्लाहवर भरवसा) कर, ही हदीस इथे कामाची आहे. मी मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर), अंथरुणापासून लांब बसून, एका वहीत लिहिते: कसली काळजी आहे, आणि उद्या त्यासाठी मी नेमकं काय करणार. एक फोन, एक कागद, एक भेट. जे माझ्या हातात नाही त्यापुढे 'हस्बुनल्लाहु व निअमल वकील' (आम्हाला अल्लाह पुरेसा आहे, तो उत्तम कारभारी आहे) लिहून वही मिटते.

लिहून ठेवण्याची ही सवय आपल्याला परकी नाही. ज्याच्याकडे मागे ठेवण्यासारखं काही आहे त्याने वसियत लिहून जवळ नसताना दोन रात्रीही काढू नयेत, असं हदीसमध्ये आलं आहे. देणंघेणं कागदावर उतरलं की रात्र हलकी होते, हे मी अनुभवाने सांगते.

मध्यरात्री जाग येते

रात्रीत एक-दोनदा जाग येणं सगळ्यांनाच होतं. घड्याळ बघितलं की बिघडतं. 'दोन वाजले, म्हणजे आता तीनच तास उरले' असं गणित सुरू झालं की झोप संपली. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा.

जाग येताच काय म्हणावं ते हजरत उबादा बिन सामित (र.) यांच्या हदीसमध्ये आहे. रात्री जाग आल्यावर जो 'ला इलाह इल्लल्लाहु वह्दहू ला शरीक लहू' इथपासून 'ला हौल वला कुव्वत इल्ला बिल्लाह' पर्यंत पढतो आणि मग क्षमा मागतो किंवा दुआ करतो, त्याची दुआ कबूल होते; वजू करून नमाज पढली तर ती कबूल होते. ज्या वेळेला मी दीड वर्ष शत्रू मानत होते ती वेळ दार उघडण्याची होती.

साधारण वीस मिनिटं झोप आली नाही असं वाटलं, तर कूस बदलत राहू नका. उठा. मंद उजेडात वजू करा, दोन रकात नफल (ऐच्छिक नमाज) पढा, सजद्यात आपल्या भाषेत बोला, आणि पेंग आली की परत या. निद्रानाशाच्या उपचारातही हेच सांगतात: झोप येत नसेल तर अंथरूण सोडा, म्हणजे अंथरूण आणि जागरण यांची गाठ बसत नाही. मात्र याला तहज्जुदचं (रात्री उठून पढायच्या ऐच्छिक नमाजचं) वेळापत्रक बनवू नका. मगरिब साडेसहाला आणि पहाटेची फज्र पाचला असेल तर रात्रीचा शेवटचा तिसरा भाग दीड वाजता सुरू होतो. ज्याची झोप आधीच मोडली आहे त्याने गजर लावून त्या वेळेला उठण्याची घाई करू नये. आपोआप जाग आली तर ती वेळ मिळालीच.

वाईट स्वप्नाने दचकून उठलात तर डावीकडे तीनदा हलकं थुंकल्यासारखं करा, शैतानापासून अल्लाहचा आश्रय मागा, कूस बदला, आणि ते स्वप्न कुणाला सांगत बसू नका.

फज्र चुकेल या धास्तीने झोप लागत नाही

हे फार नेक लोकांना होतं. त्यांनी खैबरहून परततानाचा प्रसंग आठवावा. प्रेषितांनी (स.) रात्री मुक्काम केला, हजरत बिलालना (र.) पहाऱ्याला ठेवलं, ते उंटाला टेकून पूर्वेकडे बघत बसले आणि त्यांचाही डोळा लागला. सगळ्यांना उठवलं ते उन्हाने. मग तिथून पुढे जाऊन फज्र अदा केली गेली. झोपेत कसूर होत नाही, कसूर जागेपणी होतो, असंही त्यांनी सांगितलं आहे. गजर लावा, घरात कुणाला सांगून ठेवा, लवकर झोपा, आणि मग सोडून द्या. दिवसा कैलूला (वामकुक्षी) करत असाल तर तो दुपारचा आणि छोटा असू दे. असरनंतरची (दुपार उलटल्यावरच्या नमाजनंतरची) लांब झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते. चहा-कॉफीही दुपारनंतर नको, कारण पाच तासांनीही तिचा साधारण अर्धा अंमल शरीरात शिल्लक असतो.

एवढं करूनही

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, आणि असे तीन महिने झाले असतील, तर डॉक्टरांकडे जा. मोठ्याने घोरणं, श्वास अडकून जाग येणं, दिवसभर डोळे मिटणं, अचानक वजन बदलणं, कशातच रस न वाटणं, यांतलं काही असेल तर तीन महिनेही थांबू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच, आत्ता, जवळच्या माणसाला उठवून सांगा आणि दवाखाना गाठा. 'अल्लाहच्या बंद्यांनो, उपचार घ्या' हा प्रेषितांचा (स.) शब्द आहे, आणि म्हातारपण सोडून प्रत्येक दुखण्यावर इलाज ठेवला आहे असं त्याच हदीसमध्ये आहे. गोळ्या चालू असतील तर दुआ पढायला लागले म्हणून मनाने बंद करू नका. दोन्ही बरोबर चालतात.

आणि ते परत आलं तर

येईल. बहुतेक वेळा त्याआधी काहीतरी मोडलेलं असतं: प्रवास, आजारपण, रमजानमध्ये बदललेल्या वेळा, घरातलं एखादं दुःख. बायकांचं तर दर महिन्याला होतं. नमाज माफ असलेल्या दिवसांत सगळीच घडी विस्कटते, आणि मग पुन्हा बसता बसत नाही. त्या दिवसांतही जिक्र आणि दुआ थांबत नाहीत. रात्रीची तस्बीह आणि पाठ टेकण्याची दुआ त्याच वेळेला, त्याच जागी चालू ठेवा.

बल्खींचा एक सल्ला इथे उपयोगी आहे. निरोगी माणूस जशी अडीअडचणीला लागणारी औषधं घरात आधीच आणून ठेवतो, तसे बरे विचार बऱ्या दिवसांत साठवून ठेवावेत, म्हणजे वाईट वेळेला ते हाताशी असतात. म्हणून दुआ पाठ करायची ती चांगली झोप लागत असताना. वाईट रात्री नवीन काही शिकायला जाऊ नका, जे अंगवळणी आहे तेवढंच करा. यादी परत लांबवू नका. उलट एका दुआवर आणा.

माझ्या उशाखाली बरा बिन आजिब (र.) यांच्या दुआचा कागद असतो, हाताने लिहिलेला. घडीवर फाटतो म्हणून आतापर्यंत चार वेळा नव्याने लिहिला. अंधारात तो वाचता येत नाही आणि वाचायची गरजही नसते. हात लागला की 'अल्जअतु जहरी इलैक' तेवढं आठवतं, आणि मी खांदे सोडते.